दोन चिठ्ठ्या, दोन पेट्या

डबा नीट धरा. खळ अजून गरम आहे.

मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद घातलं नाही तर झुरळं रातोरात पोस्टर कुरतडून टाकतात, ही तुमची आजची पहिली शिकवणी. खानावळवाल्या मावशींनी शेवटची पंगत उठल्यावर रॉकेलच्या रिकाम्या डब्यात खळ शिजवून दिली आहे. डब्याला तारेची कडी आहे आणि ती बोटांत रुतते. काखेत पोस्टरांची गुंडाळी. ओल्या शाईचा वास तुमच्या सदऱ्याला लागला आहे आणि तो दोन दिवस जाणार नाही.

तुम्ही लालबागला आहात. थोड्या वेळापूर्वी इथे तुमच्या डोक्यावरून उड्डाणपूल जात होता आणि समोर काचेचे मनोरे होते. आता वर मोकळं आकाश आहे, त्यात गिरण्यांची धुराडी, आणि रस्त्याच्या मधोमध ट्रामचे रूळ. साल १९५७. फेब्रुवारी संपत आला आहे. रात्रीचे बारा वाजलेत. दुसरी पाळी सुटल्याचा भोंगा नुकताच झाला आणि केसांत कापसाचे तंतू घेऊन माणसं फाटकातून बाहेर पडतायत. त्याच फाटकातून रातपाळी आत शिरते आहे. मुंबईचा हा भाग कधीच सगळा झोपत नाही. त्याचा एक तृतीयांश भाग कायम जागा असतो.

"आधी कड लाव, मगे मधी हात फिरव," मामा सांगतात.

मामा साचेवाले, म्हणजे गिरणीतले विणकर आहेत, मालवणकडचे, पन्नाशीला टेकलेले. सकाळी सातला त्यांची पहिली पाळी आहे. म्हणजे पहाटे चारपर्यंत पोस्टर, तासभर पाठ टेकायची आणि मग दिवसभर साच्यासमोर उभं राहायचं. याचे पैसे मिळतात का, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. विचारू नका. खळीचा मैदासुद्धा वर्गणीचा आहे. आज संध्याकाळच्या चौकसभेत झोळी फिरवली होती, तिच्यात आणे पडले, चवल्या-पावल्या पडल्या, एका बाईनं मूठभर तांदूळ टाकले. सभा संपल्यावर सतरंज्या झटकून घड्या घालणं आणि ती चिल्लर मोजून वहीत लिहिणं हेही तुमचंच काम होतं. वहीत तांदळाचीही नोंद आहे.

पोस्टरवर विळा-कणीस आहे. त्याच्या शेजारी, तेवढ्याच आकाराचा, हत्ती.

त्या दोन चित्रांकडे पुन्हा बघा. पुढचे पंधरा दिवस तुमचं सगळं काम या दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेत आहे.

पेटीची गोष्ट

पहाटे चारला तुम्ही खोलीवर येता. दहा बाय दहाची खोली, तीत सात जणांचे बिछाने, आणि रातपाळीचे लोक गेलेत म्हणून तुम्हाला जागा आहे. ते आले की ती त्यांची. भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या 'मराठा'च्या अंकांची चळत आहे. आचार्य अत्र्यांचं हे दैनिक १५ नोव्हेंबर १९५६ ला निघालं, आणि चाळीत एक अंक वीस जण वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गॅलरीत बसून मोठ्यानं वाचून दाखवतात.

एवढी आग कशासाठी पेटली ते या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्यांवर नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये झालेला गोळीबार त्यांनी पेपरात वाचलेला नाही, त्यातून ते धावले आहेत. १०५ हुतात्मे म्हणताना इथे आकडा उच्चारला जात नाही, कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी खोलीतला सोबती आठवला जातो. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, बाबासाहेब आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदू महासभा, जनसंघ, एरवी एकमेकांच्या सभा उधळणारे सगळे एका मांडवात आले. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं. आता ही निवडणूक म्हणजे त्या निर्णयावरचा जनतेचा कौल.

हे सगळं व्यासपीठावरून सांगायला एस. एम. जोशी आहेत, डांगे आहेत, अत्रे आहेत. अमर शेखांचा पहाडी आवाज आहे, अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' आहे. मैदान भरतं, टाळ्या पडतात, माणसं भारून घरी जातात.

"तुका काय वाटता, भाषण ऐकान मतां पडतत?" मामा बिडी विझवत विचारतात. मग ट्रंकेखालून बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे काढतात.

तिन्ही डब्यांच्या झाकणांना पातळ चीर पाडली आहे. एकावर विळा-कणीस चिकटवलंय, दुसऱ्यावर हत्ती, तिसऱ्यावर बैलजोडी. मामा रुपयाच्या नोटेएवढे कागदाचे दोन तुकडे तुमच्या हातात देतात.

"मत दे."

तुम्ही पेन शोधता. मामा हसतात. इथे शिक्का नाही, खूण नाही. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची पोलादी पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं, आपलं चिन्ह शोधायचं आणि कोरी मतपत्रिका त्या पेटीत ढकलायची. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही स्वतःच्या हातानं राज्य निवडता यावं म्हणून ही रीत. पण मुंबई शहर मध्य हा लोकसभेचा मतदारसंघ दुहेरी आहे. इथून दोन खासदार जाणार, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर. म्हणून प्रत्येक मतदाराला, मग तो कोणत्याही जातीचा असो, लोकसभेसाठी दोन मतपत्रिका. विधानसभेचं मत आणखी वेगळं.

दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या पेट्यांत गेल्या तर दोन मतं. दोन्ही एकाच पेटीत गेल्या तर एक मोजलं जाणार, दुसरं बाद.

काँग्रेसच्या दोन्ही पेट्यांवर बैलजोडीच आहे, त्यांच्या मतदाराला एकच चित्र लक्षात ठेवायचं. समितीकडून सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे, चिन्ह विळा-कणीस. राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने, चिन्ह हत्ती. म्हणजे तुमच्या मतदाराला दोन चित्रं लक्षात ठेवायची आहेत, दोन पेट्या शोधायच्या आहेत. आणि त्याआधी, त्या दोन चित्रांमधलं एक चित्र आपलं नाही असं ज्याला वाटतं, त्याला ते आपलं वाटायला हवं.

करी रोडच्या पुलापलीकडे

पहिली पाळी साडेतीनला सुटते. मामा अंग धुऊन, धुतलेलं शर्ट घालून येतात. डबे पिशवीत घालून तुम्ही करी रोडचा पूल ओलांडता आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत शिरता. सरकारनं १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या या चाळी. तळ आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, एका चाळीत ८०. जिना अंधारा, कठड्याची कड हजारो हातांनी गुळगुळीत झालेली.

खाली फेडरेशनचा तरुण वाट बघतोय. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, छातीवर निळा बिल्ला. मामा म्हणतात, "जय भीम." तो म्हणतो, "जय भीम, मामा," आणि पुढे होतो.

बाबासाहेबांना जाऊन तीन महिनेही झालेले नाहीत. ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांना अग्नी दिला, त्या गर्दीत या चाळीतलं दार न् दार होतं. बहुतेक खोल्यांत फोटोपुढे रोज दिवा लागतो. तुम्ही दारात चपला काढता. कुणी सांगितलेलं नाही, पण काढता.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक आजी निवडत बसल्या आहेत. सूप, तांदूळ, खडे. सातारकडच्या. शेजारी सात-आठ वर्षांची नात. फेडरेशनचा तरुण ओळख करून देतो, "हे लाल बावट्याचे." आजी मान वर करत नाहीत.

तरुण डबे मांडतो. तुम्ही दोन कागद पुढे करता. पाठ केलेलं सांगायला लागता, एक चिठ्ठी हत्तीत, एक विळा-कणसात...

"बावन सालीबी आलते तुमचे लोक," आजी म्हणतात. "तवा काय सांगत हुते, ते सांगा की आदी."

खोली गप्प होते. नळाखालच्या बादलीत पाणी पडण्याचा आवाज तेवढा येतो.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः मुंबईतून लोकसभेला उभे होते. मतदारसंघ असाच दुहेरी, राखीव जागेवर ते. १४ हजारांवर मतांनी ते हरले, आणि त्या मतदारसंघात ७० हजारांहून जास्त मतं बाद ठरली. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाका, दुसरं मत कुजवा, असा प्रचार तेव्हा झाला होता. बाबासाहेबांनी आणि समाजवादी उमेदवार अशोक मेहतांनी निवडणुकीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा त्यांच्या तक्रारीचं बोट त्याच निवडणुकीतले उमेदवार असलेल्या डांग्यांकडे होतं. ते या चाळीत पाच वर्षं सलतंय.

तुमच्याजवळ उत्तर नाही. पत्रकात याचं उत्तर छापलेलं नाही. तुम्ही मामांकडे बघता.

मामा खाली बसतात, सुपाच्या पलीकडे, आजींच्या समोर. बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "बाय, तेव्हा आमचा चुकला."

एवढंच. समितीचं धोरण, ऐक्याचा ठराव, गुजरातचं भांडवल, काही नाही. एका साध्या सभासदानं पक्षाच्या वतीनं केलेली कबुली. ती करायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नव्हता. पण पक्ष म्हणजे तरी या क्षणी दुसरं कोण आहे? दिल्ली-पुण्यातली माणसं या जिन्यावर नाहीत. या खोलीपुरता पक्ष म्हणजे मामा, त्यांचं धुतलेलं शर्ट आणि पत्र्याचे तीन डबे.

आजी पहिल्यांदा मान वर करतात. "माझ्या घरातल्या चार जणांच्या चिठ्ठ्या तुमच्या कणसात पडतील. पोरगा सांगतोय, समितीत हाय तर हाय. पन तुमच्या चाळीतली बाई हत्तीत टाकंल का? तिला इचारून या. मग मला शिकवा."

निघताना नात हत्तीचा डबा सोडायला तयार नसते. "ऱ्हाऊ द्या हितंच," आजी म्हणतात. "पोरांना सराव हुईल."

पुलावर मामा थांबतात. खालून गाडी जाते, धूर अंगावर येतो. "बरोबर बोलली," ते म्हणतात. "काम थंय नाय. काम आपल्या चाळीत आसा."

दुसरी चिठ्ठी

तुमच्या चाळीत विळा-कणसाला अडचण नाही. गिरणी कामगार युनियनच्या परळच्या दळवी बिल्डिंगचा जिना इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी चढलेला आहे. सांगता सांगता लोक तुमच्या हातून पहिला कागद ओढून घेतात आणि खटकन डब्यात टाकतात.

दुसरा कागद हातात राहतो.

कुणी वाईट बोलत नाही, हे ध्यानात घ्या. कुणी शिवी देत नाही, कुणी जातीचं नाव घेत नाही. सगळे नुसते थबकतात. "दुसरी टाकलीच पाहिजे का?" "नाही टाकली तर पहिली बाद होते का?" "दोन्ही डांग्यांना नाही का देता येत? माणूस चांगला आहे." मावशी म्हणतात, "मी आपली एकच टाकीन, बाळा. दुसरीचं मला कळत नाही." ज्या बाईनं चाळीस माणसांचा महिन्याचा हिशेब तोंडी ठेवलाय, तिला दोन डबे कळत नाहीत.

हा जुना रोग आहे, आणि त्याला गिरणीचाच वास आहे. साचेखात्यात धोट्यातला धागा संपला की नवी कांडी घालून विणकर धोट्याच्या छिद्राला तोंड लावतो आणि धागा श्वासानं ओढून घेतो. त्या तोंड लावण्यावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्याचं दार बंद होतं. पगार त्याच खात्यात जास्त. ते दार गिरणीच्या मालकानं एकट्यानं बंद केलेलं नव्हतं. आतल्या विणकरांनी ते धरून ठेवलं होतं. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हेच विचारलं होतं, आणि साचेखातं सर्वांना खुलं करण्याची मागणी यादीत शेवटी नाखुशीनंच घातली गेली होती.

त्या संपात मामा एकवीस वर्षांचे होते.

तिसऱ्या रात्री, दुसरी पाळी सुटून जेवणं झाल्यावर, ते गॅलरीत सगळ्यांना बोलावतात. पेट्रोमॅक्स मध्ये ठेवतात. त्यांना भाषण येत नाही. ते खिशातून एक धोटा काढतात. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, घासून काळाभोर झालेला. तो हातोहात फिरवायला देतात. सगळे ओळखतात, कुणी काही विचारत नाही.

मग ते सांगतात, मालवणीतच. की अठ्ठावीस साली सहा महिने सगळी खाती बंद होती. साचेखातं बंद होतं तसं, ज्यांना साच्याला हात लावू दिला नव्हता त्यांचंही खातं बंद होतं. पोरं त्यांचीही उपाशी होती. संप संपला, आपण आत गेलो, आणि आपल्या खात्याचं दार आपण आतून लावून घेतलं. "मी स्वतः लावलंय," मामा म्हणतात. "ह्या हातान." आणि पुढे, आता संयुक्त महाराष्ट्र मागताना आपण म्हणतोय की मुंबई आपल्या घामाची. मग घाम कुणाकुणाचा, ते एकदा ठरवा. दुसरी चिठ्ठी घरात ठेवायची असेल तर पहिली पण ठेवा. अर्धा महाराष्ट्र मागू नका.

टाळ्या पडत नाहीत. एक जण उठून आत जातो. दार लावल्याचा आवाज येतो. धोटा फिरत फिरत मावशींच्या हातात पोचतो. त्या तो पदरानं पुसतात आणि मामांना परत देतात. तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येतंय का ते बघता. येत नाही.

यापुढच्या दिवसांचं गणित पाळ्यांचं आहे. पहिल्या पाळीचे लोक साडेचारनंतर, दुसरीचे सकाळी दहाला, रातपाळीचे उठल्यावर, दुपारी. मतदारयादीतलं नाव शोधायचं, अनुक्रमांक चिठ्ठीवर उतरवायचा. गावी गेलेल्यांची नावं बाजूला काढायची, त्यांच्या नावावर तोतया उभा राहू नये म्हणून पोलिंग एजंटाला त्यांची वेगळी यादी द्यायची. आणि प्रत्येक दारात तेच दोन कागद. हत्तीचा डबा आजींकडे राहिला म्हणून मामांनी नवा केलाय. चिठ्ठी पेटीवर ठेवून येऊ नका, आत पडेपर्यंत ढकला. पडद्याबाहेर परत आणू नका, तिचा बाजार होतो. एक इकडे, एक तिकडे. चौथ्या दिवशी तुमचा आवाज बसतो. पाचव्या दिवशी झोपेतही तुम्ही तेच सांगत असता. मावशी तुम्हाला हळद घालून दूध देतात, मताबद्दल एक शब्द काढत नाहीत.

शंभर यार्डांबाहेर

मतदानाच्या दिवशी पहाटेच चाळ जागी होते. समितीचं टेबल शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांच्या बाहेर. तुम्ही याद्या घेऊन बसता, नाव सापडलं की खूण करता, चिठ्ठी देता, पुढच्याला हाक मारता. दुपारी बारापर्यंत कोण आलं नाही ते बघून पोरांना जिने चढायला पाठवता. म्हाताऱ्यांना धरून आणता. बाळंतिणीच्या बाळाला मांडीवर घेऊन बसता, ती आत जाऊन येईपर्यंत.

आज तुम्ही कुणालाही काही शिकवू शकत नाही. शिकवण्याचे दिवस संपले. पडद्याआड प्रत्येक जण एकटा आहे, आणि त्याच्या हातात दोन कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. त्यांच्यावर त्याचं नाव नाही, खूण नाही. त्यानं दुसरी कुठं टाकली हे त्याच्या बायकोलाही कळणार नाही. बाबासाहेबांनी ज्या राज्यघटनेवर रात्री जागवल्या तिनं हे मत दिलं आहे, आणि निवडणूक कायद्यानं हा पडदा. धाक असलेल्या माणसाला तो संरक्षण देतो. मनात अढी असलेल्या माणसालाही तो तेवढंच संरक्षण देतो. कार्यकर्त्यानं दोन्ही मान्य करायचं असतं.

मावशी येतात. नवं लुगडं, डाव्या हाताच्या बोटावर शाई. तुमच्या टेबलाशी थांबतात, पाणी पितात, आणि खानावळीत रात्रीचं पीठ मळायचंय म्हणून निघून जातात. तुम्ही विचारत नाही. विचारायचं नसतं.

संध्याकाळी पूल ओलांडून फेडरेशनचा तरुण येतो. त्याच्याही यादीत सगळीकडे खुणा आहेत. तुम्ही दोन याद्या शेजारी ठेवून बघता. दोघांचीही बोटं निळी झाली आहेत, शाईनं आणि कार्बननं. तो म्हणतो, "आमची आजी सकाळी पहिली होती रांगेत." मामा म्हणतात, "बरा झाला." मग तिघं कठड्यावर बसून एकच चहा बशीत ओतून पिता.

मोजणी

मार्चमध्ये पेट्या उघडतात, आणि तेव्हाच कळतं, पडद्याआड काय झालं.

डांगे निवडून आले. माने निवडून आले. दोघंही.

दादरहून अत्रे विधानसभेत, पुण्याहून एस. एम. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत, नाशकातून दादासाहेब गायकवाड. गुलाल उडतो, लेझीम निघते. राज्याचं बहुमत मात्र काँग्रेसकडेच राहतं, द्विभाषिकाच्या ३९६ जागांपैकी २३४ त्यांच्या. मुंबई अजून मिळालेली नाही. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य होईपर्यंत अजून तीन वर्षं जायची आहेत. ते यांना सांगू नका. यांना उद्यापासून पुन्हा खळ शिजवायची आहे.

दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद होतील आणि पेट्यांवरची चित्रंही जातील. एका माणसाच्या हातात दोन चिठ्ठ्या, आणि त्यातली दुसरी आपल्या जातीबाहेरच्या माणसासाठी, असं पुन्हा होणार नाही. एक साधी, अवघड गोष्ट त्या रीतीत होती. आपल्या माणसाला निवडून देणं सगळ्यांना जमतं. दुसरी चिठ्ठी टाकायला मात्र आधी कुणीतरी आपल्या दारात येऊन बसावं लागतं, आणि त्या बसलेल्या माणसानं आधी स्वतःची चूक कबूल केलेली असावी लागते. एवढं काम यंत्रानं होत नाही, भाषणानं होत नाही. ते जिन्यानंच होतं.

निघण्याआधी एक जिना राहिलाय.

एप्रिलचा पहिला आठवडा आहे. मामा पहिली पाळी करून येतात, अंग धुतात, तेच शर्ट घालतात. आज पिशवीत डबे नाहीत. करी रोडचा पूल, डिलाईल रोड, गुळगुळीत कठडा, तिसरा मजला.

आजी दारातच बसल्या आहेत. तुम्हाला बघून हात थांबतो. "मतं संपली की आता," त्या म्हणतात. "आता कशापायी आलात?"

"सांगूक इलंय, बाय," मामा म्हणतात. "दुसरी चिठ्ठी पडली."

"म्हाईत हाय. मोजली की त्यांनी."

त्या उठतात, आत जातात, स्टोव्हचा आवाज होतो. विचारत नाहीत, चार कप मांडतात. मामा नातीला जवळ बोलावतात आणि खिशातून एक नाणं काढतात. १ एप्रिलपासून निघालेला नवा पैसा, तांबूस, इतका लखलखीत की पोरगी आधी तो डोळ्याजवळ नेऊन बघते.

मग ती कोपऱ्यात पळते. तिथे फळीखाली हत्तीचा डबा ठेवलाय, चित्राच्या कडा सुटलेल्या, पण चीर तशीच. तिनं त्याचा गल्ला केलाय. ती पैसा चिरेवर ठेवते, क्षणभर थांबते, आणि तुम्ही शिकवलं होतं तसं, आत पडेपर्यंत ढकलते.